प्रकल्पाचे २५ गुण कॉलेजच्या आवारातच मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पदवीचे नवे वर्ष तोंडावर आले आहे. थोड्याच आठवड्यांत महाविद्यालयांतून पर्यावरण अभ्यास या सक्तीच्या विषयाचे प्रकल्प वाटले जातील. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘जैवविविधता : एक अभ्यास’ अशी शीर्षके फळ्यावर लिहिली जातील आणि वर्ष संपताना तीच शीर्षके स्पायरल बाइंडिंग होऊन परत येतील. आत इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर, फेसाळलेल्या नदीचे एक रंगीत चित्र आणि शेवटच्या पानावर ‘झाडे लावा, झाडे जगवा’. मागच्या वर्षीची फाइल झेरॉक्सच्या दुकानात मिळते, आता तर दुकानापर्यंतही जावे लागत नाही. यात मुलांना दोष देऊन भागणार नाही. जो विषय अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हाताने तपासताच येत नाही, तो दिला की मूल तो उतरवूनच काढणार.

हा विषय आम्ही शिकवतो. आमचे म्हणणे एवढेच की, प्रकल्प महाविद्यालयाच्या कुंपणाच्या आतला द्यावा, त्यात मुलांनी स्वतः काहीतरी मोजावे आणि तेच मोजमाप पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच जागी, त्याच रीतीने पुन्हा करावे.

हा विषय पदवीला आला तो न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्देश दिले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात पोहोचायला त्यानंतर दशकाहून अधिक काळ गेला. तो मूळ अभ्यासक्रम आजही काढून वाचण्यासारखा आहे. ५० तासिका, आठ घटक. आठवा घटक क्षेत्रकार्याचा, पाच तासिकांएवढा. परीक्षेचे १०० गुण : लघुत्तरी २५, दीर्घोत्तरी ५० आणि क्षेत्रकार्य २५. म्हणजे ज्यांनी तो बेतला त्यांनी एक चतुर्थांश गुण वर्गाबाहेर ठेवले होते. जवळची नदी, टेकडी, माळरान, जवळचे प्रदूषित ठिकाण, नेहमी दिसणारी झाडे, कीटक आणि पक्षी यांची नोंद करा असे त्यात म्हटले आहे. आयोगाने २०२३ मध्ये पदवीसाठी नवी चौकट दिली, तिच्यात हवामान बदल, कचरा व्यवस्थापन, शाश्वत विकासाची उद्दिष्टे आली. विषय वाढले. पण श्रेयांकाचा (क्रेडिटचा) हिशेब पाहिला तर एक श्रेयांक व्याख्यानाचा असेल तर १५ तास आणि क्षेत्रकार्याचा असेल तर ३० तास. खाली जे सांगतो आहोत त्यातले कुठलेही एक काम ३० तासांत नीट होते.

कचऱ्यापासून सुरुवात करणे सोपे, कारण तो रोज असतो. काम सलग सात दिवसांचे. गॅदरिंग, परीक्षा किंवा प्रवेशाची गर्दी असलेला आठवडा टाळावा. सामान असे : ५० किलोपर्यंतचा टांगता डिजिटल वजनकाटा, तीन मीटर बाय तीन मीटरची ताडपत्री, रबराचे जाड हातमोजे, चिमटे, मास्क, १५ लिटरची एक बादली. काटा काही शे रुपयांत येतो. पायात बंद बूट हवेतच, चप्पल घालून आलेल्या मुलाला त्या दिवशी वहीवर बसवावे, ताडपत्रीजवळ येऊ देऊ नये.

काटा हातात घेण्याआधी आवार झाडणाऱ्या मावशींशी आणि कॅन्टीन चालवणाऱ्यांशी बोलायला हवे. हेच नेमके राहून जाते. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठे, रद्दी हे सगळे कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला निघते आणि भंगारवाल्याकडे जाते. कॅन्टीनचे उरलेले अन्न कोणी जनावरांसाठी नेते. हे विचारले नाही तर ‘आमच्या आवारात प्लास्टिकच्या बाटल्यांचा कचरा जवळजवळ नाही’ असा धडधडीत चुकीचा निष्कर्ष अहवालात येतो. भंगाराचे ते पैसे म्हणजे तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या बायकांचा आधार असतो. अहवालामुळे ते बंद होणार नाहीत, हे प्राचार्यांकडून आधी कबूल करून घ्यावे. नाहीतर पुढच्या वर्षी कोणी खरे सांगणार नाही, आणि न सांगण्यात त्यांची काही चूकही नसेल.

रोज एकाच वेळी, शेवटची झाडणी झाल्यावर, प्रत्येक इमारतीचा कचरा वेगळा आणावा. आधी पिशवीसकट वजन, मग रिकाम्या पिशवीचे, मग वजाबाकी. पिशवीचे वजन वजा करायला विसरणे ही नेहमीची चूक, आणि ओल्या गोणपाटाचे वजन अर्धा-पाऊण किलो सहज भरते. मग ताडपत्रीवर पसरून प्रकार वेगळे करायचे : अन्न, कागद आणि पुठ्ठा, प्लास्टिकच्या बाटल्या व डबे, वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे, चहाचे कागदी कप, काच, धातू, पालापाचोळा. पाकिटे वजनाला हलकी आणि संख्येला भरपूर असतात, म्हणून त्यांचे नगही मोजावेत. चहाचा कप कागदात टाकू नये. त्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते आणि रद्दीवाला तो घेत नाही. सॅनिटरी पॅडची पुडकी उघडायची नाहीत, बंद पिशवीतच वजन करायचे. प्रयोगशाळेतला कचरा, बॅटऱ्या आणि जुन्या ट्यूब ताडपत्रीवर आणायच्याच नाहीत. ट्यूबच्या आत पारा असतो.

कचरा फार निघत असेल तर सगळा निवडत बसायची गरज नाही. एकूण वजन झाल्यावर ढीग नीट कालवून गोल पसरावा, त्याचे चार सारखे भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, उरलेले दोन पुन्हा कालवावेत. १२-१५ किलो उरेपर्यंत हेच करत राहावे आणि तेवढेच निवडावे. निवडून झाल्यावर सगळ्या प्रकारांची बेरीज निवडायला घेतलेल्या कचऱ्याच्या वजनाशी ताडून पाहावी. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर त्या दिवशीचे आकडे खोडू नयेत, बाजूला तशी नोंद करावी आणि आणखी एक दिवस काम वाढवावे. वहीत सगळीकडे ‘५ किलो’, ‘१० किलो’ असे गोल आकडे दिसले तर काटा कोणी वाचलेलाच नाही असे समजावे. पावसात भिजलेल्या पाचोळ्याने एका दिवसाचा आकडा फुगतो, म्हणून रोज हवामान लिहायचे.

एवढे केल्यावर हातात काय येते ते पाहा. समजा, कॅन्टीनचा ओला कचरा दिवसाला १२ किलो निघाला. बादलीत न दाबता भरून, तीनदा हलके आपटून वजन केले की त्याची घनता कळते. समजा ती लिटरला अर्धा किलो आली. म्हणजे रोजचे २४ लिटर. त्यात दुप्पट आकारमानाचा सुका पालापाचोळा मिसळला तर ७२ लिटर, महिन्याच्या २६ दिवसांचे सुमारे १,८७० लिटर. कुजताना ढीग बसतो, साधारण निम्मा होतो, म्हणजे महिन्याला एक घनमीटर धरावा. यावरून एक मीटर लांब, रुंद आणि उंच असे तीन हौद हवेत हे ठरते : एक भरणारा, एक कुजणारा, एक उपसायचा. हौद यापेक्षा फार लहान केला तर आत उष्णता टिकत नाही. नीट तापलेल्या ढिगात हाताला चटका बसावा इतकी, ५५ ते ६० अंशांपर्यंत उष्णता होते. वास सुटला तर पाणी जास्त झाले आणि हवा कोंडली. मूठभर खत दाबून पाहावे, बोटांतून दोन-चार थेंबच आले पाहिजेत. धार लागली तर कोरडा पाचोळा घालून वरखाली करावे. महाविद्यालयांत उद्घाटन होऊन महिन्याभरात वासामुळे बंद पडलेले खतखड्डे पुष्कळ दिसतात. बहुतेक ठिकाणी ओला कचरा किती आणि पाचोळा किती, हे मोजलेलेच नसते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थेला मोठा कचरा उत्पादक ठरवून तिच्यावर वेगळी जबाबदारी टाकली. आपले महाविद्यालय त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे काटा लावल्याशिवाय कोणालाच सांगता यायचे नाही.

पाण्याचे काम याहून कमी घाणीचे आणि आम्हाला विचाराल तर जास्त शिकवणारे. पहिले मोजमाप गळतीचे. वसतिगृह नसलेली एखादी इमारत निवडावी. शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर वरची टाकी पूर्ण भरून घ्यावी, तिच्यात येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि टाकीच्या आत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. रविवारी किंवा सोमवारी सकाळी, पहिला नळ उघडण्याआधी, त्याच जागी पुन्हा मोजावे. टाकी आतून तीन मीटर बाय दोन मीटरची असेल आणि पाणी १५ सेंटीमीटर उतरले असेल तर ०.९ घनमीटर, म्हणजे ९०० लिटर पाणी कोणीही न वापरता गेले. ते कुठून गेले हे शोधायला मग मुले आपणहून धावतात. बहुतेकदा फ्लशची टाकी सापडते. तिचा रबरी वायसर झिजलेला असतो आणि पाणी भांड्याच्या कडेने आवाज न करता झिरपत राहते. टाकीत चिमूटभर कुंकू किंवा खाण्याचा रंग टाकून फ्लश न करता पंधरा मिनिटे थांबले की भांड्यात रंग उतरतो. व्हॉल्व्ह स्वतःच गळका असेल तर मात्र हे सगळे मोजमाप फसते. टाकीत पाणी येत राहते आणि गळती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर दहा मिनिटे नळीच्या तोंडाशी हात धरून पाहायचे.

आवारात विहीर असेल तर तिच्यासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करावी आणि कायम तिथूनच मोजावे. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. वेळ सकाळची, पंप आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवलेला. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर मोजले तर उपशाने खाली गेलेली पातळी मिळते, भूजलाची नाही, आणि असे आकडे पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी जोडता येत नाहीत. पोलादी टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू घासायचा, टेप पाण्यात थोडा बुडेल असा सोडायचा, खुणेशी पूर्ण आकडा धरायचा आणि वर काढून ओल्या खडूची रेघ वाचायची. धरलेला आकडा वजा ओला झालेला भाग म्हणजे पाण्यापर्यंतची खोली. दोरीला दगड बांधून अंदाजाने मोजू नये, दोरी ताणते. बोअरवेलमध्ये मात्र मुलांना टेप सोडू देऊ नये. पंपाच्या वायरीत आणि पाइपात तो अडकतो आणि मग पंप वर काढायचा खर्च येतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. महाविद्यालयाने तेच महिने धरले तर आपल्या विहिरीची तुलना तालुक्याशी करता येते.

याच गटाला छताचे पाणीही मोजता येईल. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस मीटरचे छत, ७०० मिलिमीटरचा पाऊस, २० टक्के वाया गेले धरले तरी ५ लाख ६० हजार लिटर. फक्त छताचे मोजमाप नकाशावरून घेऊ नये, टेप घेऊन गच्चीवर जावे आणि पाणी खरोखर कुठल्या पन्हळीला जाते ते पाहावे. नकाशातले दोन-तीन पाइप पाने आणि कबुतरांच्या घरट्यांनी बुजलेले निघतात. पर्जन्यमापक म्हणून मुले प्लास्टिकची बाटली कापून ठेवतात, ते चालते, पण तिचा बूड वाकडा असतो. सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्य धरावे, आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचून बाटली पुन्हा शून्यावर आणावी. भिंतीजवळ किंवा झाडाखाली ठेवलेल्या बाटलीतला पाऊस म्हणजे त्या झाडाचा पाऊस.

विजेचा प्रकल्प वाणिज्य शाखेच्या मुलांना द्यावा, बिल वाचायची सवय त्यांनाच लागायला हवी. शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मीटरचे वाचन घेतले की आवार रिकामे असताना किती युनिट जळतात ते कळते. तो आकडा शून्याजवळ कधीच नसतो. वॉटर कूलर, संगणक प्रयोगशाळेतले यूपीएस, विसरलेले बाहेरचे दिवे असे एकेक मग सापडत जाते. मोठ्या जोडणीच्या मीटरवर आकड्याला गुणक असतो, तो बिलावर छापलेला असतो. तो न लावल्यामुळे महाविद्यालयाचा वापर एका घराएवढा दाखवणारे अहवाल येतात आणि तपासणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. पंखे मोजावेत. जुना पंखा ७५ वॉट, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. २०० पंखे, दिवसाला सहा तास, वर्षाचे २०० दिवस धरले तर वर्षाला १०,८०० युनिटांचा फरक. आपल्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे हे साडेसात टन झाले. ‘जागतिक तापमानवाढ’ हा शब्द इथे पहिल्यांदा मुलाच्या वर्गातल्या पंख्याला येऊन चिकटतो.

झाडांबद्दल थोडक्यात. दर ५ जूनला रोपे लावून फोटो काढले जातात. मागच्या पाच वर्षांची यादी कार्यालयातून काढून आज त्यातली किती जिवंत आहेत, एवढीच मोजणी एका गटाला द्यावी. मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने. त्याखालीच खोड फुटले असेल तर प्रत्येक फांदीचा घेर वेगळा. झाडाचे मराठी नाव माळीकाकांना विचारून लिहावे. मोबाइलमधले ॲप करंजाला भलतेच काही म्हणते आणि तेच अहवालात उतरते.

नदीचा मोह मात्र आवरावा, किंवा रसायनशास्त्र विभागाला बरोबर घेऊनच तिकडे जावे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा म्हणून मुले घाटाच्या पायरीवरून शीतपेयाच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी भरतात, ती दप्तरात हिंदकळत कॉलेजात येते आणि दुसऱ्या दिवशी तपासली जाते. त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो, कारण बाटलीतल्या हवेतला प्राणवायू वाटेतच पाण्यात मिसळलेला असतो. ३०० मिलिलिटरची काचेची बूच असलेली बाटली एकही बुडबुडा न राहता काठोकाठ भरून, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही दोन्ही द्रावणे तिथेच काठावर घालायला हवीत. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा बसला तर नाही, हे तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते आणि मुले गप्प होतात. पुढचे अनुमापन (टायट्रेशन) प्रयोगशाळेत. नमुना पुलाच्या मध्यावरून, पृष्ठभागाखाली फूटभर खोलीवरून घ्यावा, एक नाला मिळण्याआधीचा आणि एक मिळाल्यानंतरचा. वेळ लिहिलीच पाहिजे. शेवाळ भरपूर असलेल्या पाण्यात भर दुपारी प्राणवायू फुगलेला दिसतो आणि पहाटे तळाला जातो. अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जैविक प्राणवायू मागणी (पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हा निकष आपल्याकडे आहे. ही मागणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांत मोजतात. परदेशी पुस्तकातली २० अंशांची पाच दिवसांची रीत आणि आपले आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत. या द्रावणांतल्या अझाइडसारखी रसायने विषारी असतात, ती पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती एकटी देऊ नयेत.

आवाजाचे प्रकल्पही पुष्कळ दिले जातात. शिक्षणसंस्थेभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते हे खरे, पण मोबाइलमधल्या ॲपचा आकडा त्या मर्यादेशी ताडून नियमभंग झाला असे लिहू नये. एकाच फोनवर, एकाच जागी, सकाळ-दुपारची तुलना एवढेच त्याच्याकडून घ्यावे.

आता गुणांचे. १२० मुलांचा वर्ग सहा-सहाच्या २० गटांत विभागावा आणि प्रत्येक मोजमाप दोन गटांना स्वतंत्रपणे द्यावे. एकाचे आकडे दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. त्याच टाकीवर एका गटाची गळती ९०० लिटर आणि दुसऱ्याची ३५० आली तर तोंडी परीक्षा आपोआप सुरू होते. २५ पैकी १० गुण कच्च्या वहीला द्यावेत. वही शिवलेली, पानांना क्रमांक असलेली, नोंदी पेनाने, प्रत्येक नोंदीसमोर तारीख, वेळ आणि कोणी वाचले त्याचे नाव. खाडाखोड चालेल, पांढरी शाई नाही. ५ गुण कुठे चुकले आणि का, हे प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल, ५ हिशेबाला आणि ५ प्राचार्यांना लिहिलेल्या पानभर पत्राला : काय सापडले, काय करावे, खर्च किती. टंकलिखित अहवालाला आणि बाइंडिंगला गुण ठेवूच नयेत. ते गुण आहेत तोवर झेरॉक्सचे दुकान चालणार.

कला शाखेच्या मुलांना हे जमणार नाही, असे म्हटले जाते. मावशींशी बोलून कचऱ्याची खरी वाट शोधणे आणि ‘ही विहीर पूर्वी कधी आटायची’ हे जुन्या शिपायाकडून नीट लिहून घेणे हे त्यांचेच काम आहे, आणि ते चोख झाले नाही तर काट्यावरचे आकडे आंधळे राहतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे. हा विषय ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या गळ्यात घातला जातो, किंवा तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला वर्गावरच्या तासांचेच पैसे मिळतात, क्षेत्रकार्याचे नाहीत. पर्यावरणशास्त्रात नेट-सेट या अध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसे आहेत आणि पदे भरली जात नाहीत. अशा माणसाने रविवारी सकाळी टाकीवर चढावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी क्षेत्रकार्याचे तास वेळापत्रकात छापावेत आणि त्यांचे मानधन मंजूर करावे. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षेवर सगळे गुण सोपवून ही जबाबदारी टाळता येते, आणि ती टाळली जाते आहे, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षणाची कागदपत्रे लागतात, त्यासाठी अनेक महाविद्यालये बाहेरच्या संस्थेला पैसे मोजतात. त्या खर्चाचा एक तुकडा काटे, टेप आणि हातमोज्यांवर खर्च झाला तर लेखापरीक्षकालाही दाखवायला पाच वर्षांच्या नोंदी असतील.

१९९० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी जोडून जैवविविधतेच्या नोंदींचे जाळे उभे केले होते. हातोहाती मोबाइल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. आज प्रत्येक महाविद्यालयाने निदान एक नोंदवही ग्रंथालयात दाखल क्रमांकासह ठेवावी, म्हणजे प्राध्यापकाची बदली झाली तरी वही जागेवर राहील.

बाकी सारे वर्ग भरल्यावर करता येईल. विहिरीची खूण मात्र याच आठवड्यात रंगवून पहिले वाचन घेऊन ठेवावे. पाऊस लागून पाणी चढले की यंदाची तळाची पातळी हातची गेली, मग ती नोंद थेट पुढच्या मे महिन्यातच मिळेल.

आपले,
पर्यावरण अभ्यास विषयाचे काही अध्यापक